मठातील युद्धकैदी : कै. गोपाळ मुकुंद हुद्दार

कल्याणहून ईशान्येस जाणारा लोहमार्ग ज्या नागपुरास पोहोचतो, तेथील कै. गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार यांचे चरित्र कॅथोलिक स्मरणिकेत पाहून कित्येकांस नवल वाटेल. तथापि ज्या यादवीने जगभरच्या कॅथोलिकांची मने दुभंगली, तीत हे मराठी गृहस्थ प्रत्यक्ष लढले.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ते पहिले सरकार्यवाह. १९३१ च्या बालाघाट दरोडा प्रकरणात त्यांनी कारावास भोगला. पुढे वृत्तपत्रविद्येसाठी लंडनला गेले असता, १९३७ साली जॉन स्मिथ हे नाव धारण करून ते स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारतर्फे लढणाऱ्या ब्रिटिश स्वयंसेवक पलटणीत शिरले. ह्या पलटणीस शापुरजी सकलातवालांचे नाव दिलेले होते. तेही मुंबईच्या सेंट झेवियर्सचे विद्यार्थी!

ती बाजू आम्हांस आपली म्हणवत नाही. तिच्या प्रदेशात, मुख्यतः १९३६ मध्ये, ६,००० हून अधिक धर्मगुरू व व्रतस्थ मारले गेले. त्यांतील पुष्कळांस ख्रिस्तसभेने पुढे धन्यवादित घोषित केले. हुद्दार तेव्हा स्पेनमध्ये नव्हते, हेही सांगणे न्यायाचे होय.

एप्रिल १९३८ मध्ये गांदेसा येथे ते जनरल फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. बुर्गोसजवळील सान पेद्रो दे कार्देन्या ह्या प्राचीन मठाची तेव्हा बंदिशाळा झाली होती. नाना देशांचे शेकडो स्वयंसेवक तेथे अर्धपोटी, उवांनी गांजलेले असत; आणि पहारेकरी त्यांस सक्तीने मिस्सेला उभे करीत. त्या हत्यांशी ह्याची तुलना आम्ही करीत नाही. परंतु पवित्र मिस्सा ही शिक्षा व्हावी, ह्याची आम्हांस लाज वाटते.

त्याच वर्षी सुटून ते मायदेशी परतले, कम्युनिस्ट पक्षात गेले, व १९८१ साली निवर्तले. मठात १९४२ साली ट्रॅपिस्ट संन्यासी येऊन राहिले.