खात्यांच्या भिंती ओलांडणारे मजूरमंत्री

राजधानीत रोजगाराचा विषय निघाला की तो नेमका कोणत्या मंत्रालयाचा, हाच वाद आधी उभा राहतो. २०२४ च्या अर्थसंकल्पात रोजगार आणि कौशल्यविकासाच्या पाच योजनांचे एकत्रित पॅकेज जाहीर झाले. मात्र त्यातील नोकरभरतीला प्रोत्साहन देणारे भाग कामगार मंत्रालयाकडे, इंटर्नशिप कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आणि आयटीआयचे श्रेणीवर्धन कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेले. ही सूत्रे जुळविण्याचा प्रयत्न याच दिल्लीत आठ दशकांपूर्वी झाला होता. तो करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कीर्ती घटनेचे शिल्पकार म्हणून इतकी मोठी, की त्यांच्या मंत्रिपदाची ही चार वर्षे तिच्या छायेत झाकली गेली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे एका लष्करी सुभेदाराच्या घरी जन्मलेल्या आंबेडकरांनी कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी वेगळेच निदान मांडले. खरा रोग जमिनीच्या तुकड्यांत नसून शेतीवर पडलेल्या जादा माणसांच्या भारात आहे आणि त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. परळच्या चाळीत राहताना त्यांनी दुसरी बाजूही पाहिली. कापडगिरण्यांतील अधिक मजुरीच्या विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती. हुन्नर शिकण्याची संधीच नाकारली, तर कारखाने वाढूनही काहींच्या वाट्याला झाडूच येणार, हे त्यांनी ओळखले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला तो याच अनुभवातून.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मुंबईत ‘चले जाव’चा ठराव संमत होण्याच्या आदल्या दिवशी, ७ ऑगस्ट रोजी, त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. परकीय सत्तेच्या मंडळात बसल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती अनपेक्षित नव्हती. परंतु त्यांच्या खात्याची व्याप्ती पाहण्यासारखी होती. कामगार कल्याणाबरोबरच खाणी, सार्वजनिक बांधकाम, वीज आणि सिंचन हे विषयही त्याच्याकडे होते. युद्धासाठी कुशल कारागीर घडविणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना १९४० पासूनच चालू होती. तिच्या जोडीला सेवायोजन कार्यालये आली आणि जुलै १९४५ मध्ये युद्धातून मोकळ्या होणाऱ्या सैनिक-कामगारांसाठी पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले. दरम्यान, युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी स्वस्त विजेची सांगड औद्योगिकीकरणाशी घातली. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाठपुरावा त्याच विचारातून झाला. १९१८ च्या निदानाला पाव शतकानंतर औषध सापडत होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या तरुणांना सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत उमेदवारीची संधी मागितली. गिरणीतील बंद दाराला हे उत्तर होते.

या कारकिर्दीला मर्यादाही होत्या. कोळशाच्या टंचाईपोटी १९४३ मध्ये खाणींत स्त्रियांना जमिनीखाली कामास लावण्यावरील बंदी उठविण्यात आली आणि कायदेमंडळात त्या निर्णयाचे समर्थन करणे मजूरमंत्र्यांच्या वाट्याला आले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्तीही झाली आणि वर्षाच्या मध्यास त्यांचे मंत्रिपद संपले.

पुढे १९४८ मध्ये सेवायोजन कार्यालये सर्व बेरोजगारांना खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, अलीपूर मार्गावरील निवासस्थानी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या काळातील महासंचालनालयाच्या वारशाची २०१५ मध्ये वाटणी झाली. प्रशिक्षण नव्या कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेले आणि रोजगार कामगार मंत्रालयात राहिला.

स्वतंत्र मंत्रालयामुळे कौशल्याला प्रतिष्ठा मिळाली, हे मान्यच करावे लागेल. पण वीज कोठे जाणार, कारखाना कोठे उभा राहणार, तेथे कोणता हुन्नर लागणार आणि तो शिकण्याची मुभा कोणाला मिळणार, हे चार प्रश्न चार मंत्रालयांत विखुरले की प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती पडूनही तरुण नोकरीच्या दारातच उभा राहतो. आंतरमंत्रालयीन समित्या नेमून ही दरी आपोआप बुजत नाही. चारही प्रश्न एकाच वेळी विचारण्याचा अधिकार आणि समज असलेली व्यक्ती त्यासाठी लागते. युद्धकाळात, परक्यांच्या राजवटीतही, दिल्लीला अशी व्यक्ती लाभली होती. दरवर्षी १४ एप्रिलला तिच्या पुतळ्यापुढे नतमस्तक होणाऱ्या राजधानीने तिच्या खात्याच्या जुन्या कागदपत्रांकडेही एकदा वळायला हवे.