समुद्राचा निळा रंग

जाफराबादजवळून पूर्णा नदी वाहते. पावसाळा संपला की तिचे पाणी नितळ होते. ते ओंजळीत घेतले, तर त्याला रंग दिसत नाही. पूर्णेचे पाणी पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. मग समुद्र निळा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. शिक्षण संपताच, १९०७ साली, त्यांना सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या पगाराची नोकरी मिळाली. कोलकात्याला ते दिवसभर हिशेब तपासत आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेत रमत. नोकरीच्या निमित्ताने काही काळ ते आपल्या नागपुरातही होते. १९१७ साली त्यांनी ही नोकरी सोडली आणि कमी पगारावर कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झाले. घरचा कर्ता माणूस असे सहसा करत नाही!

१९२१ साली ते प्रथमच परदेशी गेले. वाटेत भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते थक्क झाले. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो, असे त्या काळी मानत. लॉर्ड रॅले या थोर शास्त्रज्ञाचेही तेच मत होते. रामन यांना ते पटले नाही. त्यांच्याजवळ निकोलचा लोलक हे खिशात मावणारे साधन होते. ते विशिष्ट कोनात धरले, की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश अडतो. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ जहाजावरून त्यांनी त्यातून समुद्र पाहिला. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले, पण निळा रंग गेला नाही. उलट तो अधिकच खुलला! म्हणजे रंग पाण्याच्या आतूनच येत होता. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात आणि त्यात निळा प्रकाश जास्त विखुरला जातो. जहाज मुंबई बंदरात आले, तेव्हा त्यांनी हा शोध ‘नेचर’ या इंग्लंडच्या नियतकालिकाला लिहून पाठवला.

पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हेही या निळेपणाचे मोठे कारण आहे. म्हणून खोल समुद्रात तांबडा प्रकाश पोहोचतच नाही. तेथील कितीतरी कोळंब्या लालभडक असतात. आपल्याला वाटेल, त्या शत्रूला लगेच दिसत असतील. पण त्या अंधारात लाल रंग काळाच दिसतो आणि त्या लपून राहतात.

प्रकाश विखुरण्याचा अभ्यास रामन यांनी पुढेही चालू ठेवला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ सापडला. या कामात के. एस. कृष्णन त्यांचे सहकारी होते. १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

रामन परिणामावर चालणारी यंत्रे आता समुद्राच्या तळाशी उतरवतात. तेथे पाण्यात अडकून बर्फासारखा गोठलेला मिथेन वायू असतो. वर आणताना तो वितळू लागतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याला न हलवता, तेथेच प्रकाशझोत टाकून तपासतात.