विश्लेषण : कापसाचे व्यापारी जमशेटजी टाटांना संशोधन विद्यापीठ का हवे होते?

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला (आयआयएससी) तिथले लोक आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. संस्थेच्या नावात मात्र 'टाटा' नाही आणि ते नसावे, ही खुद्द जमशेटजींचीच इच्छा होती. शास्त्रज्ञ नसलेल्या, सूत-कापसाच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या या उद्योजकाने संशोधनासाठी ३० लाखांची मालमत्ता का देऊ केली?

व्यापारात सुरुवात कशी झाली?

नवसारीत ३ मार्च १८३९ रोजी जन्मलेले जमशेटजी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले. १८५९ मध्ये वडिलांच्या पेढीची शाखा उघडण्यासाठी ते हाँगकाँगला गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला इंग्लंडमध्ये सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या जमशेटजींना धनकोंना तोंड द्यावे लागले. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली.

निर्यातीत अडचण काय होती?

मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीन-जपानला जात असे, पण जहाजे परदेशी कंपन्यांची होती. त्यांनी संगनमताने ठरवलेल्या भाड्यात नफ्याचा मोठा हिस्सा जाई. १८९३ मध्ये जमशेटजींनी जपानला जाऊन निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी करार केला आणि स्वतःही जहाजे भाड्याने घेऊन 'टाटा लाइन' सुरू केली. ब्रिटिश कंपनी 'पी अँड ओ'ने भाडे पाडले. टाटांकडे माल न देणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलतही देऊ केली. व्यापारी एकेक करून तिकडे वळले आणि टाटा लाइन बंद पडली.

दुसरी अडचण कच्च्या मालाची होती. देशी कापसाचा धागा आखूड असल्याने तलम सूत निघत नसे. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस इथे पिकावा म्हणून त्यांनी प्रयोग करवून घेतले. पण माती, बियाणे, हवामान यांचा असा अभ्यास एका व्यापाऱ्याच्या आवाक्यातला नव्हता.

विद्यापीठाची योजना काय होती?

१८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी सुरू केला. पुढचा टप्पा देशातच संशोधन करणाऱ्या विद्यापीठाचा होता. त्यांचे सहकारी बर्जोरजी पादशहा यांनी युरोप-अमेरिकेतील संस्था पाहिल्या. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा नमुना समोर ठेवण्यात आला. खर्चासाठी जमशेटजींनी मुंबईतील मालमत्ता देऊ केली, तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे सव्वा लाख रुपये होते. ३१ डिसेंबर १८९८ रोजी योजना नियोजित व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे मांडण्यात आली.

मग उशीर का झाला?

असे उच्चशिक्षण घेणारे विद्यार्थी मिळतील का आणि शिकल्यावर त्यांना काम कोण देणार, अशा कर्झन यांच्या शंका होत्या. शास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना पाहणीसाठी बोलावण्यात आले. त्यांनी बेंगळुरूची शिफारस केली. त्यानंतर आणखी एक समिती नेमली गेली. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन आणि ५ लाख रुपये दिले. सरकारी निर्णय मात्र रेंगाळला. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले, तेव्हा काहीच उभे राहिले नव्हते. दोराबजी आणि रतनजी या मुलांनी वडिलांचा शब्द पाळला. मंजुरीचा आदेश २७ मे १९०९ रोजी निघाला. १९११ मध्ये रसायनशास्त्र आणि विद्युत तंत्रज्ञान या विषयांपासून वर्ग सुरू झाले.

व्यापाराला उपयोग झाला का?

उत्तर लवकरच मिळाले. म्हैसूरचे चंदन प्रामुख्याने जर्मनीला जाई आणि तेल तिथे काढले जाई. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ही बाजारपेठ बंद झाली. संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी तेल काढण्याची पद्धत बसवली. एम. विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने बेंगळुरूत चंदन तेलाचा कारखाना सुरू केला. पूर्वी लाकूड विकणारे संस्थान आता तेल निर्यात करू लागले. पुढे त्याच तेलातून म्हैसूर सँडल साबण आला.

उद्योजकाचा पैसा, संस्थानाची जमीन आणि सरकारचे अनुदान अशी ही भागीदारी होती. १९५८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जमशेटजींच्या मूळ योजनेतला 'विद्यापीठ' हा शब्द प्रत्यक्षात यायला ६० वर्षे लागली.