बुद्धवंदनेला स्वर देणारे मास्तर

वर्षावासाच्या दिवसांत वेल्ह्याकडे (तालुक्याला आता राजगड म्हणायचे) विहाराच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तरीही वंदना सुरू झाली की वीस-पंचवीस गळे त्या आवाजावर मात करतात. मार्चमध्ये भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरणाऱ्या गाड्यांतही तेच. या भागात फिरताना आम्ही उपासकांना विचारतो, गाथा पालीतल्या, पण बाबासाहेबांनी त्यांना संगीत कोणाकडून देवविले? उत्तर क्वचितच मिळते.

ते संगीत दिले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी. जन्म २० जानेवारी १८९८, आळंदीचा. जातीने ब्राह्मण. पोरवयातच नाटक मंडळीत गेले, पुढे भास्करबुवा बखले यांचे शिष्य झाले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना चाली देऊ लागले. नंतर प्रभातचे चित्रपट आले. त्यांपैकी १९३५चा ‘धर्मात्मा’ आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या एकनाथांची ती कथा. तिचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, पण ते सेन्सॉरला खपले नाही. संगीत मास्तरांचे.

स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून ध्यास घेतला. या गीताविषयी आमच्या चळवळीत मतभेद आहेत. तो वाद येथे नको. आम्हाला भावते ती मास्तरांची विद्यार्थीवृत्ती. हे गीत बँडवर वाजणार नाही, हा मुख्य आक्षेप होता. आपल्या गायकीत सुरावट एकच असते आणि पेटी गळ्यामागून चालते. पियानोवर मात्र डावा हात एक वाजवतो, उजवा दुसरे, आणि दोन्ही मिळून गीत उभे राहते. बँडचेही तसेच, प्रत्येक वाद्याचा सूर निराळा लिहावा लागतो. शिवाय पियानोच्या पट्ट्यांचे बारा सूर पक्के, त्यांत मींड बसत नाही. झिंझोटीतली चाल अशा ठाम सुरांत, पावलांच्या ठेक्यात आणून पाश्चात्य स्वरलेखनात उतरवणे म्हणजे जवळजवळ नवी विद्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या या नामवंत गवयाने बँडच्या जाणकारांची मदत घेऊन ते साधले आणि घटना समितीच्या सभासदांना ऐकवले. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत ठरले ते ‘जन गण मन’. मास्तरांची चाल मागे राहिली.

पुढे १९५६ साली, धम्मदीक्षेच्या वर्षी, बाबासाहेबांनी त्यांना बुद्धवंदनेला संगीत देण्याची विनंती केली. बाबासाहेबांना स्वतःलाही व्हायोलिन शिकण्याची हौस होती, हे येथे सांगावेसे वाटते. अठ्ठावन्न वर्षांचे मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले. त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि मगच चाल बांधली. हे काम दिसते तितके सोपे नाही. गाथेत ऱ्हस्व-दीर्घ बिघडले की अर्थ बिघडतो, आणि जिथे गळा फिरवावा तिथे शब्द तुटतो. शिवाय ती गाणार कोण? ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही, ज्यांच्या गळ्याला कोणी तालीम दिली नाही, ते लाखो लोक. वंदनेची ध्वनिमुद्रिका निघाली. मास्तरांना १९७१ साली पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते गेले.

आज बाजारात वंदनेच्या अनेक ध्वनिफिती आहेत, काहींवर तर वरातीचा ठेका चढवलेला. वेष्टनावर निर्मात्याचा फोटो असतो, प्रायोजकाचे नाव असते. संगीतकाराची जागा बहुधा कोरी. आम्ही वकील आहोत म्हणून सांगतो, १९५७च्या कॉपीराइट कायद्याने मूळ कृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मास्तरांच्या बाबतीत तो २०३४ अखेरपर्यंत आहे. कलम ५७ कर्त्याला श्रेयाचा स्वतंत्र हक्क देते. आमचे श्रम, आमची नावे इतिहासातून खोडली गेली म्हणून आम्ही आयुष्यभर भांडलो. मग आमच्याच विहारात दुसऱ्याचे नाव गळावे, हे कसे चालेल?

येत्या २० जानेवारीला भोर येथे वंदनेपूर्वी ही १९५६ची ध्वनिमुद्रिका ऐकवण्याचे आम्ही ठरवले आहे. फलकावर मास्टर कृष्णराव यांचे नाव असेल. वेल्ह्याकडच्या उपासकांनी मुलांना घेऊन यावे.