शनिवार न विकणारा गायक

१९१८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या दाढीवाल्या, ठेंगण्या गृहस्थाला शिकागोच्या ऑपेरा कंपनीचे बोलावणे आले. आलेव्ही या फ्रेंच संगीतकाराच्या 'ला जुईव्ह' या ऑपेरात ज्यू सोनाराची भूमिका करायची आणि एका रात्रीचे हजार डॉलर घ्यायचे. दाढी काढावी लागणार नाही, शुक्रवारी रात्री आणि शनिवारी गावे लागणार नाही, हेही कंपनीने कबूल केले. गृहस्थाने नकार दिला. प्रार्थनेचा गायक रंगमंचावर वेष घालून उभा राहणे त्याला योग्य वाटले नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात ती भूमिका थोर कारुझोने केली.

नकार देणाऱ्याचे नाव योसेले रोझेनब्लाट.

सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या गायकाला हझान म्हणतात. आपल्याकडच्या बेने इस्रायली मंडळींना हा शब्द परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत काम नाही, कमाई नाही. रोझेनब्लाटचे आयुष्य समजून घ्यायचे तर हा शनिवार आधी ध्यानात घ्यायला हवा.

त्याचा जन्म १८८२ चा, युक्रेनमधील बिला त्सेर्कवा गावचा. वडीलही हझान. संगीतशाळेचे शिक्षण असे नाही; कानावर पडले तेच शिक्षण. लहानपणीच त्याच्या गळ्याचा बोलबाला झाला आणि पोर गावोगाव गाऊ लागला. मुंकाच, प्रेसबुर्ग, हाम्बुर्ग अशी नोकरीची गावे बदलत १९१२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या 'ओहाब झेडेक' या सिनेगॉगमध्ये आला. त्या काळी पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेत येऊन पोहोचले होते. मागे राहिलेले गाव त्यांना त्याच्या आवाजात भेटे.

तो आवाज आजही ऐकता येतो. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून गायचे, आणि त्या आवाजाच्या जोराने सुई मेणात रेघ ओढायची. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटे. देवळात लांबत जाणारी प्रार्थना एवढ्यात बसवायची! खरखरीतून आधी वाद्ये ऐकू येतात. शनिवारच्या प्रार्थनेत सनातनी ज्यू वाद्य वाजवीत नाहीत, ही जोड तबकडीपुरतीच. मग तो येतो. एखादाच हिब्रू शब्द घेऊन तो घोळवतो, पुन्हा म्हणतो, आणि पाहता पाहता आवाज पातळ होऊन इतका वर चढतो की गाणारी बाई आहे की काय असे वाटावे. तिथून बारीक, मोजलेल्या तानांनी तो खाली उतरतो. शेवटी स्वर किंचित फुटतो, हुंदक्यासारखा. पण सुटत नाही. भाषा न कळणाऱ्यालाही हे कोणीतरी कोणाकडे काहीतरी मागते आहे, एवढे नक्की कळते.

पुढे संकट आले. धर्मनिष्ठ ज्यूंसाठी निघालेल्या एका नियतकालिकात त्याने पैसा घातला, आणि १९२५ मध्ये त्याच्यावर दिवाळखोरी जाहीर करण्याची पाळी आली. आमच्या बँकेच्या धंद्यात उमर गेलेल्या माणसाला ठाऊक असते, की दिवाळे निघाले की पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. याने मात्र देणी फेडायची ठरवली. ऑपेरा नाकारणारा हा गायक आता जादूगार, विदूषक आणि कसरतपटू यांच्या जोडीने व्हॉडव्हिलच्या थिएटरांतून गाऊ लागला. गावोगाव फिरायचे, डोक्यावर टोपी, अंगात साधा काळा कोट. शुक्रवार रात्र आणि शनिवार म्हणजे थिएटरवाल्यांचा भर गल्ल्याचा वेळ. तेवढा तो गात नसे.

१९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' हा बोलपट निघाला. त्यात नायकाच्या हझान वडिलांची भूमिका त्याने करावी म्हणून लाख डॉलर देऊ केले होते, असे सांगतात. कर्जबाजारी माणसाने तेही नाकारले. तबकडीसाठी त्याने प्रार्थना गायल्या होत्या. पण पडद्यावर प्रार्थनेचे सोंग करायचे नव्हते. अखेर त्या बोलपटात तो स्वतः म्हणूनच दिसला, आणि एक यिडिश गाणे गाऊन गेला.

१९३३ साली पॅलेस्टाइनमध्ये एका चित्रपटाचे काम मिळाले. बायबलातल्या जागांवर उभे राहून आपल्याच रचना गायच्या होत्या. असे काम त्याला मनापासून हवे होते. त्या चित्रीकरणाच्या दिवसांतच, जूनमध्ये, जेरुसलेमला हृदयविकाराने तो गेला. वय एक्कावन्न. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले आणि ऑलिव्ह पर्वतावर त्याला पुरले.

मागे राहिल्या तबकड्या, आणि काही चाली. त्यांतली १२६ व्या स्तोत्राची चाल आजही जगभर ज्यू घरांतून शनिवारी जेवण आटोपल्यावर म्हटली जाते. मुले ताटांवर बोटांनी ठेका धरतात. ती कोणी बांधली हे म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊकही नसते.