विद्यार्थ्यांचा पाठीराखा : कार्डिनल न्यूमन

आपल्या मॉरिशसमधून दर वर्षी कितीतरी मुले-मुली इंग्लंडला शिकायला जातात. विमानतळावर आई डोळे पुसते. आजी बॅगेत खाऊबरोबर गणपतीचा लहानसा फोटो घालते. घरी परतताना प्रत्येकाच्या मनात एकच शंका असते. एवढ्या दूर गेल्यावर मुलाला देव आठवेल का? ही शंका केवळ आपली नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या कॅथलिक आईबापांनाही तीच शंका सतावत होती. ज्या माणसाने तिचे उत्तर शोधण्यात आपले आयुष्य वेचले, त्या जॉन हेन्री न्यूमन यांची ही कथा.

न्यूमन यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1801 रोजी लंडनमध्ये झाला. सहा भावंडांत ते सर्वांत थोरले. वडिलांची पेढी होती. 1816 मध्ये ती बुडाली आणि घरावर संकट आले. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या या मुलाच्या मनात ईश्वरावरची श्रद्धा दृढ झाली. पुढच्या वर्षी तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात राहायला गेला. तिथे श्रीमंत घरची मुले दारूच्या मेजवान्या झोडत असत. या मुलाला ते रुचले नाही. तो अभ्यासात बुडून गेला, इतका की अतिश्रमाने 1820 च्या अंतिम परीक्षेत त्याचा निकाल अगदी साधा लागला. पण त्याने हिंमत सोडली नाही. दोनच वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ओरिएल या नामांकित कॉलेजात त्याची फेलो म्हणून निवड झाली.

त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठ इंग्लंडच्या राजमान्य अँग्लिकन पंथाचे होते. तो पंथ न मानणाऱ्याला तिथे प्रवेशच नव्हता. न्यूमनही तेव्हा अँग्लिकन होते आणि 1825 मध्ये ते पाद्री झाले. पुढे कॉलेजात शिक्षक म्हणून काम करताना त्यांचे वरिष्ठांशी मतभेद झाले. शिक्षकाने धडा शिकवावा आणि आपल्या खोलीत जावे, अशी तेव्हाची रीत होती. न्यूमन म्हणत की विद्यार्थ्याच्या मनाची आणि वागणुकीची काळजीही शिक्षकानेच वाहिली पाहिजे. होतकरू मुलांना ते वेगळे पैसे न घेता जादा शिकवीत, त्यांच्याशी मित्रासारखे वागत. कॉलेजच्या प्रमुखांना हे मान्य नव्हते. त्यांनी 1830 पासून न्यूमन यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठवणेच बंद केले.

पण विद्यार्थी दुसऱ्या वाटेने आले. 1828 पासून न्यूमन विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे प्रमुख पाद्री होते. दर रविवारी दुपारी चार वाजता ते प्रवचन करीत. हातवारे नाहीत, आवाज चढवणे नाही. समोर कागद ठेवून ते शांतपणे वाचत. तरीही तरुणांची तिथे दाटी होई. आपल्याच मनातले कोणीतरी बोलून दाखवीत आहे, असे ऐकणाऱ्याला वाटे.

1833 मध्ये इटलीच्या प्रवासात न्यूमन सिसिली बेटावर तापाने मरणाच्या दारी जाऊन आले. परतताना वाऱ्याअभावी जहाज समुद्रात अडकून पडले. तेव्हा त्यांनी अंधारात वाट दाखवणाऱ्या दयाळू प्रकाशाला उद्देशून एक प्रार्थनागीत लिहिले. 1901 मध्ये आपल्या बेटावर उतरून मुलांना शिकवा असे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगून गेलेले गांधीजी यांचे हे फार आवडते गीत होते.

इंग्लंडला परतल्यावर न्यूमन आणि त्यांच्या मित्रांनी जी चळवळ सुरू केली, तिला ऑक्सफर्ड चळवळ म्हणतात. चर्चने जुन्या परंपरेकडे, उपासनेकडे आणि त्यागाकडे वळावे, असे त्यांचे म्हणणे. या चळवळीच्या प्रभावातून ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी 1848 मध्ये अँग्लिकन भगिनींचा मठ निघाला. आपल्या पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या याच मठात राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

जुन्या धर्मग्रंथांचा अभ्यास करता करता न्यूमन यांचे मन रोमन कॅथलिक पंथाकडे ओढले जाऊ लागले. 1841 मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका पत्रिकेवर विद्यापीठात गदारोळ उठला. ते जवळच्या लिटलमोर खेड्यात जाऊन राहिले. 1843 मध्ये त्यांनी सेंट मेरी चर्च सोडले आणि 9 ऑक्टोबर 1845 रोजी ते कॅथलिक झाले. त्याची किंमत मोठी होती. मित्र तुटले. सख्खी बहीण दुरावली. 1846 च्या फेब्रुवारीत त्यांनी प्राणप्रिय ऑक्सफर्डचा निरोप घेतला. पुढे बत्तीस वर्षे ते शहर त्यांना फक्त आगगाडीच्या खिडकीतून, दूरच्या मनोऱ्यांच्या रूपाने दिसत राहिले.

रोममध्ये ते कॅथलिक पाद्री झाले आणि बर्मिंगहॅमला त्यांनी ऑरेटरी म्हणजे पाद्र्यांचे एक सामुदायिक घर स्थापले. मग आयर्लंडच्या बिशपांनी त्यांना डब्लिनला कॅथलिक विद्यापीठ उभारायला बोलावले. ते 1854 मध्ये सुरू झाले. तिथे त्यांनी आपली जुनी कल्पना प्रत्यक्षात आणली. मुलांनी लहान लहान घरांत राहावे, प्रत्येक घराला एक वडीलधारा असावा, असे त्यांनी ठरवले. एक घर ते स्वतः चालवीत. विद्या मोकळी असावी, पण विद्यार्थी एकाकी नसावा, हे त्यांचे सूत्र होते. सरकारने विद्यापीठाला पदव्या देण्याचा अधिकार दिला नाही, बिशपांशीही त्यांचे जमेना. 1858 मध्ये न्यूमन यांनी पद सोडले. त्यांनी सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय मात्र चांगले चालले.

आता कथेतला सर्वांत कठीण प्रसंग येतो, आणि त्यात आपल्या मॉरिशसचाही एक धागा आहे. 1854 च्या कायद्याने ऑक्सफर्डची दारे कॅथलिक मुलांना उघडली होती. पेर लावाल ज्या वर्षी आपल्या बेटावर वारले, त्या 1864 साली बर्मिंगहॅमचे बिशप अलथॉर्न यांनी न्यूमन यांना ऑक्सफर्डमध्ये कॅथलिक चर्च उभारायला सुचवले. हे अलथॉर्न तरुणपणी, 1833 मध्ये, सिडनीला पोचले होते ते मॉरिशसचे बिशप मॉरिस यांचे प्रतिनिधी म्हणून. तेव्हा सारे ऑस्ट्रेलिया मॉरिशसच्या बिशपांच्या हाताखाली होते! आपले पूर्वज कोकणातून इकडे यायला लागले, तो हाच काळ.

न्यूमन यांनी ऑक्सफर्डमध्ये जागा विकत घेतली. पण मॅनिंग आदी वजनदार मंडळी आडवी आली. मॅनिंग स्वतः ऑक्सफर्डलाच शिकलेले. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडच्या कॅथलिकांचे मुख्य धर्माधिकारी झाले. तिथे गेलेली मुले श्रद्धा गमावतील, म्हणून त्यांना तिकडे पाठवूच नये, असे त्यांचे मत. ही भीती खोटी नव्हती, न्यूमनही ती जाणून होते. पण मुले जायचीच, तर त्यांच्याजवळ आपले माणूस असलेच पाहिजे, असे त्यांना वाटे. शेवटी जागा विकावी लागली. 1866 मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. वरून परवानगी मिळाली, पण न्यूमन यांनी स्वतः तिथे राहायला जाऊ नये अशी गुप्त सूचनाही होती. 1867 मध्ये ती वर्तमानपत्रातून फुटली. आपल्यावर विश्वास नाही, हे त्यांना जगाबरोबरच कळले. साठी ओलांडलेल्या त्या माणसाने काम मुकाट्याने सोडून दिले. बंड केले नाही आणि आपले मतही बदलले नाही.

काळाने न्याय केला. ट्रिनिटी कॉलेजने त्यांना आपले पहिले मानद फेलो केले आणि 1878 मध्ये ते बत्तीस वर्षांनी ऑक्सफर्डला गेले. 1879 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना कार्डिनल केले. 11 ऑगस्ट 1890 रोजी बर्मिंगहॅमला त्यांचे निधन झाले. पाचच वर्षांनी, 1895 मध्ये, रोमने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजवरची बंदी उठवली. विद्यार्थ्यांसाठी तिथे खास कॅथलिक पाद्री नेमले गेले. ऑक्सफर्डच्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या संघाला तर 1888 पासूनच न्यूमन यांचे नाव होते. 1893 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात न्यूमन क्लब निघाला, आणि मग ते नाव देशोदेशींच्या विद्यापीठांत पोचले. ज्याला एका गावात विद्यार्थ्यांजवळ राहू दिले नाही, तो असा नावाने सगळीकडे राहिला. 2019 मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले आणि 2025 मध्ये चर्चचे आचार्य म्हणून गौरवले.

आपला धर्म वेगळा, आपली उपासना वेगळी. तरी पेर लावाल यांच्या समाधीवर आपण जसे मोकळ्या मनाने फूल वाहतो, तसाच न्यूमन यांच्याकडून एक धडा घ्यायला हरकत नाही. मुलांना घरात कोंडून श्रद्धा टिकत नाही, आणि नुसते विमानात बसवून दिल्यानेही टिकत नाही. मी शिक्षक आहे. वर्गातला धडा विसरलेले विद्यार्थी मला पुष्कळ भेटतात, पण त्यांची विचारपूस करणारा शिक्षक कोणी विसरत नाही. लंडनला 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, ठिकठिकाणी देवळे आहेत, आपल्या बेटावरची कुटुंबे आहेत. मूल निघण्यापूर्वी त्यांचे पत्ते त्याच्या हाती द्या. आणि दर आठवड्याला फोन करून, परीक्षेतले गुण विचारण्याआधी, तो जेवला का आणि त्याला तिथे कोणी मित्र मिळाला का, हे विचारा.