गिरगावातून गेलेली वास्तू, न गेलेला वारसा

राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतून अभिजात संगीत सर्वसामान्यांच्या सभागृहात आणण्याचे श्रेय ज्या मोजक्या व्यक्तींकडे जाते, त्यांत गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. या कार्यासाठी त्यांनी मुंबईत हक्काची वास्तू उभारली आणि ती त्यांना डोळ्यांदेखत गमवावी लागली.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या अपघातात विष्णूची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद पडली. मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम सुरू झाली. संस्थानाचा आश्रय लाभला, तरी दरबारी गवयाच्या वाट्याला येणारे दुय्यम स्थान या स्वाभिमानी शिष्याला बोचत राहिले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. या भ्रमंतीतच तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा, त्या काळी धाडसी ठरणारा प्रयोग त्यांनी केला. गवयाने धनिकाच्या मर्जीवर नव्हे, तर श्रोत्यांच्या पाठिंब्यावर जगावे, हा त्यामागील विचार होता.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. निश्चित अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पाठ्यपुस्तके, स्वतंत्र स्वरलेखनपद्धती आणि स्त्रियांसाठी शिक्षण यांमुळे गायन ही कुलीन घरांतही शिकण्याजोगी विद्या ठरू लागली. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. पुढे गिरगावानजीक सँडहर्स्ट रोडवर त्याची भव्य इमारत उभी राहिली. तेथे वर्ग भरत आणि जलसे होत. १९१८ पासून पंडितजींनी संगीत परिषदाही भरविल्या. याच शहरात पं. विष्णु नारायण भातखंडे संगीतशास्त्राची मांडणी करीत होते. मार्ग वेगळे असले, तरी संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे ध्येय दोघांचेही होते.

मात्र इमारतीमागे शासनाचे अनुदान नव्हते. लोकांच्या देणग्या, मैफलींचे उत्पन्न आणि कर्ज यांवर सारा डोलारा उभा होता. अनेक शिष्यांच्या राहण्याजेवणाचा भारही विद्यालयच वाहत असे. कर्ज फेडण्यासाठी पंडितजी गावोगावी मैफली व रामायणावरील प्रवचने करीत हिंडले, पण व्याजाचा वेग त्यांच्या कमाईहून अधिक ठरला. अखेर १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. त्याआधी १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांचा आक्षेप असतानाही ‘वंदे मातरम्’ पूर्ण गाणारा हा निर्भय गायक सावकारीपुढे मात्र हतबल ठरला.

त्यानंतर त्यांनी नाशिकमध्ये रामनामाला वाहिलेला आश्रम चालविला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. पुत्र दत्तात्रेय तेव्हा अवघ्या दहा वर्षांचे होते. पुढे तेही डी. व्ही. पलुस्कर या नावाने थोर गायक म्हणून गाजले.

इमारत गेली, परंतु शिष्य उरले. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर यांनी गुरूचे कार्य पुढे नेले. देवधरांनी तर १९२५ मध्ये मुंबईतच आपले संगीत विद्यालय सुरू केले. १९३१ मध्ये शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आजही देशभरातून विद्यार्थी बसतात.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिरासारखे शासकीय सभागृह उभे राहिले. कलेसाठी वास्तू राखणे ही समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे, हे त्यामुळे मान्य झाले. पलुस्करांनी तीच जबाबदारी एकट्याच्या खांद्यावर पेलली होती. त्यांच्या वास्तूचा लिलाव हा एका गायकाच्या व्यवहाराचा पराभव म्हणून पाहता येईल. पण मुंबईत तिकीट काढून रागसंगीत ऐकायला बसणारा प्रत्येक श्रोता त्यांच्या विजयाची साक्ष देत असतो.